यानातला कारकून

ज्या पुस्तकांबद्दल मी लिहिणार आहे ती आता कुठल्याही वाचनालयात सापडत नाहीत, आणि सापडली तरी त्यांच्यावर माझं नाव नाही. शहाण्णव पानांची, हलक्या कागदावर छापलेली, दर महिन्याला निघणारी ती मालिका होती. पृथ्वी सोडून निघालेलं एक अवकाशयान, आत बारा माणसं, आणि दर पुस्तकात एखादा नवा ग्रह नाहीतर नवं संकट. पहिली तीसेक पुस्तकं एका शाळामास्तरांनी लिहिली. पुढं त्यांची नजर अधू झाली, तेव्हा पुण्याच्या प्रकाशकांनी मालिका बंद करायच्या ऐवजी मला बोलावून घेतलं. मी तेव्हा पिंपरीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होतो. दिवाळी अंकांना विज्ञानकथा पाठवायच्या आणि त्या साभार परत आल्या की पाकीट उलटं करून पुन्हा वापरायचं, यात माझी पाच-सहा वर्षं गेली होती. प्रकाशकांनी दोन अटी घातल्या. मुखपृष्ठावर मास्तरांचंच नाव राहील, आणि ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही. दुसरी अट मला सोयीचीच होती, कारण कंपनीच्या नियमांत बाहेरचं काम करायला बंदी होती आणि मी नियमाला फार घाबरणारा माणूस होतो. हे आत्ताच सांगून टाकतो, पुढं वाचताना कुणाचा माझ्याबद्दल गैरसमज नको.

गंमत अशी की ही मालिका आमच्या कारखान्यात आधीपासून वाचली जात होती, आणि वाचण्याची पद्धत सगळी कारखान्यातली होती. टूल स्टोअर सांभाळणारा एक जण पिंपरीतल्या बौद्ध वस्तीत वाचनालय चालवायचा. युनियनचंही काम बघायचा. दर महिन्याला तो एक प्रत आणायचा आणि तिच्या पिना काढून सोळा-सोळा पानांचे सहा फर्मे सुटे करायचा. मग जसा ड्रिल किंवा पाना पितळी टोकन घेऊन द्यायचा, तसा एकेक फर्मा टोकन घेऊन द्यायचा. फर्मा परत केला की टोकन परत. एकच पुस्तक सहा जण एका वेळी वाचत असायचे, आणि कुणाच्या हाती कुठला फर्मा आधी पडेल त्याचा नेम नसायचा. कुणाला लढाई आधी कळायची आणि ती कशावरून जुंपली ते चार दिवसांनी. पण त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत बोलायला विषय मिळायचा. चौथा फर्मा वाचलेल्याला दुसऱ्या फर्म्यातली माणसं विचारूनच घ्यावी लागत.

कारकुनांचं टेबल वेगळं होतं. मी मात्र डबा घेऊन कामगारांच्या टेबलावर जाऊन बसायचो. लोकांना वाटायचं, माणूस साधा आहे, गर्व नाही. खरं सांगायचं तर माझ्याच पुस्तकाबद्दल काय बोलतात ते ऐकायला मी बसायचो.

माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा क्रेन ऑपरेटरनं तिसरा फर्मा वाचून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हात बदललाय राव." हा लातूरकडचा गृहस्थ, दुष्काळात इकडं आलेला, दिवसभर वरच्या केबिनीत एकटा बसून काम करायचा आणि खाली आला की साठवलेलं सगळं बोलून घ्यायचा. मी डाळ ढवळत राहिलो. कुणी तरी म्हणालं, नाव तर मास्तरांचंच आहे. तो म्हणाला, "नाव असू द्या की. जॉबवर बी नंबर एकच पडतोय, पण कुणी टर्निंग केलंय ते बोट फिरवलं की कळतंय का न्हाई?" ही माणसं लेथवरचा तुकडा हातात घेऊन कुणी केला ते सांगणारी होती. त्यांच्यापुढं माझं काय चालणार होतं?

तेव्हापासून टेबलावर दोन तट पडले. मास्तरांच्या पुस्तकांत यान सारखं बिघडायचं आणि यानावरचा यंत्रज्ञ ते दुरुस्त करायचा. कुठं व्हॉल्व्ह अडकला, कुठं गळती लागली, हीच गोष्ट. मी प्रकाशकांच्या सांगण्यावरून हिरव्या ग्रहाची राणी आणली होती, तिचं सैन्य आणलं होतं, प्रकाशाच्या तलवारी आणल्या होत्या. क्रेनवाल्याचं म्हणणं असं की राणी आल्यापासून यानातलं यंत्र बंद पडायचंच थांबलं, आणि असं यंत्र जगात कुठं नसतं. टूल स्टोअरवाला नव्या बाजूचा. तो म्हणायचा, "मास्तरांनी तीस पुस्तकं नुसती दुरुस्ती केली. अहो, दुरुस्ती आपण इथं आठ तास करतो. जेवताना तरी माणसाला दुसरं काही वाचू द्या." यावर भांडण जुंपायचं. आवाज चढायचे, भाकरी हातात राहायची, भोंगा झाला तरी कुणी हार मानायचं नाही. मला दोघांचंही पटायचं. घरी जाऊन मी जे लिहायचो ते मात्र प्रकाशकांना पटेल असंच असायचं.

या भांडणात एक माणूस कमी बोलायचा. मेंटेनन्समधला फिटर, आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचो. मोशीचे, गावातल्या जुन्या घरातले, तिथून सायकलवर यायचे. वय माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठं, शिक्षण चौथी. ओळीखाली बोट धरून वाचायचे आणि एक फर्मा संपवायला त्यांना तीन दिवस लागायचे. बाकीचे त्यावरून चिडवायचे, पण त्यांनी वाचलेलं ते विसरत नसत. त्यांना राणीचंही काही नव्हतं आणि व्हॉल्व्हचंही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्यांनी टेबलावर कधी मांडला नाही, माझ्या खिडकीपाशी मांडला.

टाइम ऑफिसची खिडकी गेटच्या आत होती. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची, कामगार रांगेनं कार्ड पंच करून बाहेर पडायचे. मिस्त्री गर्दी ओसरेपर्यंत माझ्या खिडकीला टेकून उभे राहायचे. एका सोमवारी ते असेच उभे राहिले आणि म्हणाले, "भावसाहेब, तुमी शिकलेलं मानूस, म्हणून इचारतो. एवढी पुस्तकं झाली, यान आपलं पुढंच चाललंय. त्या मान्सांनी घरला कवा जायाचं?"

मी म्हणालो, ते यान परत यायला निघालेलं नाही, नवे ग्रह शोधायला निघालंय.

"शोधू द्या की," ते म्हणाले. "पर घरी कुनी वाट बघत आसंल, त्याचं एक पान बी कुटं न्हाई."

ते हसले, कार्ड पंच केलं आणि सायकल घेऊन गेले. मशीननं त्यांच्या कार्डावर तीन पस्तीस छापलं. हे मला पक्कं आठवतं, कारण पुढं त्या पाच मिनिटांशिवाय दुसरा विचार माझ्या डोक्यात राहिला नाही.

त्याच दिवशी सहा वाजायच्या सुमाराला प्रेस शॉपमध्ये अपघात झाला. पत्रा दाबून कापणाऱ्या एका पॉवर प्रेसचा क्लच खराब झाला होता. एकदा पेडल दाबलं की प्रेसनं एकदाच खाली यावं, ती दोनदा यायची. मिस्त्रींनी सकाळी क्लच खोलला होता, काम अर्धं झालं होतं, आणि जाताना त्यांनी दांड्याला लाल फडकं बांधून ठेवलं होतं. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होता, हात लावू नका. दुसऱ्या शिफ्टला माल कमी पडत होता. फोरमननं फडकं सोडायला लावलं आणि कोकणातून नव्यानं आलेल्या एका ऑपरेटरला प्रेसवर बसवलं. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी पर्सोनेल ऑफिसरांनी मला आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर मिस्त्रींचं कार्ड होतं. ते म्हणाले, "हे तेलानं खराब झालंय, वाचता येत नाही. नवीन हातानं भरून द्या. सोमवारी सुटायची वेळ पाच दहा टाका, ते ओव्हरटाइमला थांबले होते. प्रेस दुरुस्त करून ताब्यात देऊनच गेलेत." कार्ड माझ्यासमोर होतं. त्याच्यावर तेलाचा ठिपकासुद्धा नव्हता. तीन पस्तीस स्वच्छ दिसत होतं. मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं, नंतर कळलं असं म्हणणार नाही. मी नवीन कार्ड घेतलं, चांगल्या अक्षरात भरलं आणि पाच दहा लिहिलं. साहेबांनी सही केली आणि जुनं कार्ड खणात ठेवलं.

मिस्त्रींना सस्पेंड केलं. प्रेस सदोष असताना चालवायला दिली असा आरोप, आणि चौकशी लागली. निकाल विरुद्ध गेला की नोकरी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. वीस वर्षांची नोकरी, घरात म्हातारे आईबाप, दोन मुली लग्नाच्या. पण मला वाटतं त्यांना त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. कच्चं काम ठेवून गेलो आणि पोराची बोटं गेली, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणावं, हे त्यांना सोसत नव्हतं.

नेमकं त्याच वेळी प्रकाशकांचं पत्र आलं. यंत्रज्ञाला आता मारून टाका, तो गोष्टीचा वेग अडवतो, पुढच्या पुस्तकात त्याच्या हातून एखादी घोडचूक दाखवा आणि मोकळे व्हा. मी गुरुवारच्या सुट्टीला चिंचवडच्या खोलीत लिहायला बसलो. घोडचूक लिहायला सुरुवात केली आणि दोन पानांवर थांबलो. ती पानं फाडली. मग पुढचे दोन आठवडे, सकाळी कामावर जायच्या आधी, असं लिहीत गेलो की मला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं.

यानात स्फोट होतो, एक माणूस जखमी होतो, यंत्रज्ञावर आळ येतो. कप्तानाच्या दालनात सभा भरते. यानात वेळेची नोंद ठेवणारा एक कारकून असतो, जो आधीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. नोंद बदललेली आहे हे त्यालाच माहीत असतं, कारण कप्तानाच्या हुकमानं ती त्यानंच बदललेली असते. यंत्रज्ञ काम सोडून जाताना त्याच्या खिडकीशी थांबून विचारतो, या माणसांनी घरी कधी जायचं. आणि भर सभेत हा कारकून उठतो आणि सांगतो, ती नोंद मी बदलली, जुनी नोंद स्वच्छ होती, हा माणूस त्या वेळी यंत्रापाशी नव्हता. लिहिताना माझे डोळे भरून आले. मला वाटलं, मी किती धीराचं काम करतोय.

प्रकाशक कुरकुरले, पण छपाईची वेळ आली होती, त्यांनी ते तसंच छापलं. पुस्तक आमच्या टेबलावर आलं तेव्हा चौकशीची तारीख तीन आठवड्यांवर होती. सस्पेंड असले तरी मिस्त्री रोज हजेरी लावायला गेटवर यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत टूल स्टोअरवाला त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन यायचा. त्यानं त्यांना टोकन न घेताच सगळे फर्मे दिले आणि टेबलासाठी दुसरी प्रत आणली. आयुष्यात पहिल्यांदाच मिस्त्रींनी सगळं पुस्तक सलग घरी नेऊन वाचलं.

सगळ्यांचं वाचून झालं तेव्हा चौकशीला चार दिवस उरले होते, आणि वाद पेटला. नव्या बाजूचे चिडले होते. राणी कुठं गेली? शहाण्णव पानं एका हजेरीच्या नोंदीवर काढायची म्हणजे काय? पण टूल स्टोअरवाल्यानं, आयुष्यात पहिल्यांदाच, बाजू बदलली. तो म्हणाला, "असं एक पुस्तक दहा लढायांपेक्षा भारी आहे. मालिका आता या वाटेनं गेली पाहिजे." सगळे क्रेनवाल्याकडे बघायला लागले. दुरुस्तीवाला पक्ष त्याचाच होता, यंत्रज्ञ सुटला म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता.

क्रेनवाला म्हणाला, "मला पटंना गेलंय."

"काय पटत नाही?"

"कारकून पटत न्हाई. हिरवा ग्रह आहे म्हणलेत, म्हणलं असंल. राणी आहे, असंल. उजेडाच्या तलवारी बी असतील. पण साहेबासमोर उभं राहून मी खोटं लिवलं म्हणणारा कारकून? असा कारकून कुठल्याच ग्रहावर नसतोय बघा."

टेबल हसलं. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, भाऊसाहेब, तुमच्या जातभाईंबद्दल चाललंय, काही तरी बोला. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तेवढ्यात मिस्त्रींनी हातातला फर्मा खाली ठेवला. ते टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग क्रेनवाल्याला म्हणाले, "आसंल की एखादा. नसंल कशावरनं?"

त्यांना कळलं होतं का, हे मी त्या चार दिवसांत स्वतःला शंभरदा विचारलं. खिडकीपाशी झालेलं बोलणं त्यांचं-माझं होतं, दुसऱ्या कुणाला ते माहीत असणं शक्य नव्हतं. कळलं असेल तर ते मला येऊन विचारतील, असं वाटायचं. त्यांनी विचारलं असतं तर मी काय केलं असतं, याचीही मी तयारी करत होतो. ते आले नाहीत. गेटवर दिसले की नेहमीसारखी मान हलवायचे, आणि उलट मला ते जरा निवांतच वाटायचे.

चौकशी पर्सोनेल ऑफिसरांच्या खोलीत झाली. बाहेरून आलेले एक वकील चौकशी अधिकारी म्हणून बसले होते. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आले होते, शेजारी त्यांच्या बाजूनं बोलायला टूल स्टोअरवाला. मला साक्षीला बोलावलं तेव्हा कार्ड माझ्यापुढं सरकवलं.

"हे तुम्ही भरलंय?"

"हो."

"अक्षर तुमचं?"

"हो, माझंच आहे."

"मूळ कार्ड का बदललं?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शाळेत धडा पाठ असलेल्या मुलाकडे मास्तर बघतात तसे ते बघत होते, म्हणजे आता हा बरोबर म्हणणार. ते बघणं मला कळलं, आणि कळूनही मी म्हणालो, "तेलानं खराब झालं होतं, वाचता येत नव्हतं."

अधिकाऱ्यांनी मिस्त्रींना विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का. टूल स्टोअरवाला उठणार होता, मिस्त्रींनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला बसवलं. "न्हाई," ते म्हणाले. दुसरा कोणी साक्षीदार आहे का, असं विचारल्यावरही ते तेवढंच म्हणाले, "न्हाई." टूल स्टोअरवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी खोलीतून बाहेर पडलो, खिडकीत जाऊन बसलो आणि दुसऱ्या दिवसाची कार्डं ओळीनं लावली. एवढं माझ्या हातून झालं.

महिन्याभरात मिस्त्रींची नोकरी गेली.

आणि पुस्तक गाजलं. प्रकाशकांनी मला वाचकांच्या पत्रांची पिशवीच दाखवली. सांगलीहून, जळगावहून, नांदेडहून लोकांनी लिहिलं होतं, या कारकुनाला सोडू नका. प्रकाशक म्हणाले, आता मालिका त्याच्याभोवतीच फिरवायची. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला नाही म्हणता येत नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. पुढची दोनेक वर्षं मी त्या कारकुनाची पुस्तकं लिहिली. दर पुस्तकात तो कुणातरी मोठ्या माणसासमोर उभा राहायचा आणि खरं बोलायचा. कप्तानासमोर बोलला, राणीसमोर बोलला, दुसऱ्या सूर्यमालेतल्या न्यायाधीशांसमोर बोलला. मला ते लिहायला कधीच जड गेलं नाही. कॅन्टीनमधला वाद मिटला, दोन्ही तट त्या कारकुनावर खूश होते. एकटा क्रेनवाला नव्हता. त्यानं फर्मे घेणंच सोडलं, आणि जेवताना वर्तमानपत्र वाचायला लागला.

पुढं लोकांची आवड बदलली, खप उतरला आणि मालिका मधेच बंद पडली. यान कुठंही पोचलं नाही. मी कारखान्यात बढती मिळवत राहिलो. एके दिवशी क्रेनवाल्याकडूनच कळलं की मिस्त्री मोशीत रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून शेतीची इंजिनं दुरुस्त करतात. ते कळूनही मी वर्षभर गेलो नाही. मग एका गुरुवारी बसमध्ये बसलो. तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं.

मिस्त्री पोत्यावर बसले होते. समोर तेलाच्या परातीत एका इंजिनाचे सुटे भाग होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, घरात चहा सांगितला. धाकटीचं लग्न अजून व्हायचं होतं हे बोलता बोलता कळलं. बोटं गेलेला तो कोकणातला ऑपरेटर दिवाळीला त्यांना भेटून जातो, हेही त्यांनी सांगितलं. त्याचा त्यांच्यावर कधीच राग नव्हता, कारण फडकं कुणी सोडलं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. चौकशीत त्याला कुणी विचारलंच नव्हतं, तो तेव्हा हॉस्पिटलात होता. चहा आला. मी कपाला हात न लावता म्हणालो, "मिस्त्री, ती यानाची पुस्तकं मी लिहायचो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "कॅन्टीनमदीच वळखलं. खिडकीपाशी म्या बोललेलं तसंच्या तसं छापलं व्हतं तुमी."

"मग तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत?"

"काय बोलायाचं? मला बरं वाटलं व्हतं." ते हातातला भाग फडक्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "गेटवरचा म्हातारा वॉचमन आठवतो का तुमाला? त्यानं त्या दिशी मला सायकल घिऊन भायेर पडताना बघितलं व्हतं. साहेबाफुडं येऊन सांगतो म्हनाला. टूल स्टोअरवाल्यानं त्याचं नाव साक्षीदारात घातलं बी व्हतं. म्याच काढाय लावलं."

"का?"

"त्याचं रिटायर व्हायाचं थोडकं दिस ऱ्हायलं व्हतं. साहेबाच्या इरुद्ध गेला तर म्हाताऱ्याचं वाटोळं करत्याल. आन् मला वाटलं, गरज काय त्याची? भावसाहेबांनी सारं लिवून ठिवलंय. एवढं छापून देनारा मानूस तोंडानं न्हाई म्हनंल व्हय?"

ते हे रागानं बोलले नाहीत. रस्त्यावरून ट्रक जात होते, बोलणं मधे मधे बुडत होतं, पण हे मी सगळं नीट ऐकलं. पुस्तक लिहिलं नसतं तर तो वॉचमन आला असता. मी नुसता गप्प बसलो असतो तरीसुद्धा मिस्त्री सुटले असते.

मी म्हणालो, "चूक माझी होती, मिस्त्री."

"न्हाई," ते म्हणाले. "चूक माझीच. गोष्ट व्हती ती. म्याच इसारलो."

आणि पाना घेऊन ते पुन्हा इंजिनाकडे वळले.